साडूंचा लेथ आणि फुटलेला माठ

यंदा दिवाळीत आम्ही सगळे साडूंकडे होतो. आमचे साडू म्हणजे सौ.च्या धाकट्या बहिणीचे यजमान. मुंबईत पस्तीस वर्षे नोकरी केली, निवृत्त झाले आणि कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या पुढे चार गुंठे जागा घेऊन टुमदार घर बांधले. हल्ली कर्जत-खालापुरात अशी घरे पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली आहेत. कोणी तिथे आंब्याची कलमे लावतो, कोणी गीर गाय पाळतो. साडूंनी लेथ घेतला. लोखंडाचा नव्हे, लाकूड कातायचा. घराच्या मागच्या पडवीत तो बसवला आणि गेली तीन वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात लाटणे नाहीतर मेणबत्तीचा स्टँड ठेवल्याशिवाय ते सोडत नाहीत. (आमच्याकडे आता सात लाटणी आहेत. पोळ्या करणारी व्यक्ती एकच.)

तर झाले असे. पाडव्याच्या दिवशी सकाळी फराळ आटोपला आणि साडूंनी पोरांना पडवीत बोलावले. इंटरनेटवर त्यांनी एक चित्रफीत पाहिली होती. लाकडाचा ठोकळा मधोमध न धरता मुद्दाम एका बाजूला सरकवून धरायचा, थोडा कातायचा, मग दुसऱ्या बाजूला सरकवून परत कातायचा. असे दोन-तीनदा केले की गोल नसलेला, पिळल्यासारखा, मोठा देखणा आकार निघतो. असा ठोकळा धरायला बाजारात तयार चक मिळतात, पण महाग. साडूंनी घरीच केले. वीस सेंटिमीटर व्यासाची प्लायवूडची चकती, तिच्यावर ठोकळा सरकवायला भोके, ठोकळा धरायला तीन स्क्रू आणि वर गरम करून लावायचा गोंद. एका बाजूला ठोकळ्याचे वजन आले म्हणून समोरच्या बाजूला, कडेला, तोल साधायला नट-बोल्ट आणि वॉशरांचा गठ्ठा. असल्या पकडीला कारागीर 'जिग' म्हणतात. साडू त्याला 'माझे इंजिनिअरिंग' म्हणतात.

पोरे पडवीच्या टोकाला माठाशेजारी उभी होती. तेवढ्यात मेहुणीने आतून हाक मारली, "चकल्या संपायच्या आत या रे!" पोरे पळाली. साडूंनी बटण दाबले. आदल्या दिवशी ते भोवरे कातत होते, तो वेग तसाच राहिला होता. दोन सेकंद गेले असतील. एक 'खाड' असा आवाज, मागोमाग दुसरा. ठोकळा सुटून लेथखाली पडला आणि गडगडत राहिला. माठाचे मात्र चार तुकडे झाले होते आणि पाणी पायरीवरून वाहत होते.

सगळे हसले. साडूसुद्धा हसले, जरा उशिरा. "गुरुजी, माठाला मुक्ती मिळाली!" असे मला म्हणाले. मला हसता आले नाही. पाण्यात बसून मी शोधाशोध केली तेव्हा माठाच्या बुडाशी सापडले ते नट-बोल्ट आणि वॉशर. म्हणजे माठ ठोकळ्याने फोडला नव्हता. तोल साधायला, सुरक्षितता म्हणून जे लावले होते त्याने फोडला होता.

हा लेख साडूंच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांनी एकच अट घातली की माझी बाजू पण लिहा. लिहितो.

आता मी बी.ए.चा माणूस, तेही मराठी माध्यमाचा. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. लेथवर मत देण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारेल. (साडूंनी विचारलेच!) पण ज्यांनी सत्तरच्या दशकात खेड्यातल्या शाळेत नोकरी केली त्यांना ठाऊक असेल, की कार्यानुभव नावाचा विषय आला तेव्हा तो ज्याच्या गळ्यात पडेल त्याने शिकवायचा होता. हातांनी काम करत शिकावे ही कल्पना गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडली होती, आणि ती मला आजही पटते. आमच्या शाळेत तो विषय माझ्या गळ्यात पडला. मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. म्हणून मी पोरांना घेऊन गावातल्या कातारीबुवांकडे जाऊ लागलो.

कातारी हा शब्द आता पोरांना सांगावा लागतो. लाकूड कातणारा तो कातारी. सूत कातणे आणि लाकूड कातणे, दोन्हींना आपल्याकडे क्रियापद एकच. दोन्हीकडे काहीतरी फिरत असते म्हणून असेल, मला बरे वाटते इतकेच. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, पलंगाचे खूर, लेझमीचे दांडे, सारे त्यांच्याकडे होत असे. पूर्वी असे एक घर पंचक्रोशीत असायचेच.

त्यांचा लेथ जमिनीवर होता. दोन ओंडके, त्यांना समोरासमोर लोखंडी अणी, त्या दोन अणींमध्ये लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे. बुवा खाली बसून एका पायाने आडवी पट्टी दाबून धरायचे, तिच्यावर हत्यार टेकवायचे आणि समोर बसून त्यांची बायको दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार टेकवायचे, मागे फिरताना उचलायचे. दोघांमध्ये एक शब्द बोलला जात नसे. आमची पोरे तासभर तोंड उघडे ठेवून बघत बसायची. वर्गात मी त्यांना इतका वेळ कधी गप्प बसवू शकलो नाही.

आणि मधोमध नसलेले कातणे त्यांनाही येत होते बरे का! हातोडीचा दांडा गोल नसतो. तो थोडा लांबट असतो, म्हणजे हातात फिरत नाही आणि न बघता कळते की तोंड कुठल्या बाजूला आहे. तो दांडा कातायला बुवांनी गावच्या लोहाराकडून दोन लोखंडी टोप्या करून घेतल्या होत्या. प्रत्येक टोपीला ओळीत तीन खड्डे, एक मधला आणि दोन बाजूचे. टोप्या दांड्याच्या दोन टोकांना ठोकायच्या. आधी मधल्या खड्ड्यांवर धरून दांडा गोल करायचा, मग बाजूच्या खड्ड्यांवर धरून एक कुशी काढायची, मग दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यांवर दुसरी. ही घरगुतीच जिग. शब्द त्यांना माहीत नव्हता. वीस वर्षांत तिने कोणाला ओरखडा काढला नाही.

का नाही काढला? मी एकदा बुवांच्या बायकोला विचारले होते की असे वाकडे लाकूड फिरते तेव्हा भीती नाही वाटत? ती म्हणाली, "गुरुजी, हाताला गचका बसला की मी थांबते." झाले. यंत्राची सगळी सुरक्षितता या वाक्यात होती. दोरी ओढणाऱ्या हाताला लाकूड सांगत होते, आणि हात ऐकत होता. फारच अडले तर दोरीच लाकडावरून घसरायची. मोटरला हात नसतो.

आमच्या खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ सालचे. वलवण-शिरवत्याचे पाणी घाट उतरून आमच्या उशाशी वीज करायचे आणि ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जायची. आजूबाजूच्या गावांत मात्र कंदील. आमच्या गावात वीज आली ती कितीतरी वर्षांनी. ती आल्यावर बुवांच्या थोरल्या मुलाने खोपोलीच्या भंगारातून एक मोटर आणली. हा मुलगा माझा विद्यार्थी. मराठीत जेमतेम, पण हात सोन्याचे. मोटरवर वेग लिहिला होता, मिनिटाला १४४० फेरे. आपल्याकडच्या साध्या मोटरा बहुधा याच वेगाच्या असतात. बुवांनी एकच सांगितले, पट्टा सैल ठेव. हत्यार अडकले तर पट्टा घसरू दे. दोरीचाच धडा तो.

१९८१ साली शाळेला कार्यानुभवासाठी हातोड्या आल्या, नुसती लोखंडी तोंडे. दांडे नव्हते. आणि शाळेची तपासणी पुढच्या सोमवारी. मी बुवांकडे गेलो आणि चोवीस दांडे मागितले. बुवा म्हणाले पंधरा दिवस. मी म्हणालो शनिवारपर्यंत. बुवा गप्प राहिले. मुलगा म्हणाला, "देतो गुरुजी."

पोराने डोके लढवले. एकेक दांडा कातण्यापेक्षा लाकडाचा एक ड्रम करून त्याच्या परिघावर सहा दांडे एकदम बसवायचे आणि सहांची एकेक बाजू एकदम कातायची, मग सगळे फिरवून दुसरी बाजू. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले की ही युक्ती जुनी आहे, इंग्लंडात तिला थर्मिंग म्हणतात आणि टेबलांचे पाय असे कातत असत. पण या पोराने ती कुठे वाचली नव्हती, स्वतःच काढली होती. खरे सांगतो, मला आजही त्याचे कौतुक वाटते. सहा दांडे समोरासमोर असल्यामुळे ड्रम अजिबात थरथरत नव्हता. मी शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघितले, शाबासकी दिली. पट्टा त्याने घट्ट केला होता, कारण सैल पट्ट्याने ड्रम फिरत नव्हता.

शनिवारी सकाळी एका दांड्याची टोकाची पाचर फुटली. दांडा एका टोकाने सुटला. त्याचा डावा डोळा गेला.

तपासणी सोमवारी झाली. शेरा चांगला मिळाला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुंबईच्या इस्पितळात महिना काढला. शाळेतून वर्गणी जमवली ती पुरली नाही. भरपाई वगैरे कोण देणार? १९४८ सालच्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण हवे, चालू यंत्राजवळ जाणाऱ्याचे कपडे अंगासरशी हवेत, कोवळ्या वयाच्या कामगाराला शिकवल्याशिवाय धोक्याच्या यंत्रावर उभे करायचे नाही, असे सगळे नीट लिहून ठेवले होते. पण तो कायदा कारखान्याचा. वीज असली तरी निदान दहा माणसे कामाला असतील तिथला. बाप-लेकाच्या पडवीला तो कसा लागणार? आणि साडूंच्या पडवीला तर कुठलाच लागत नाही. छंद हा कायद्याच्या बाहेर असतो. म्हणून तर तो छंद!

तर माठ फुटल्यावर मला हे सगळे आठवले. पण मनाला एक गोष्ट टोचत होती. साडूंनी तोल साधला होता. पोराचा ड्रमही तोलात होता. मग दोन्हीकडे काय चुकले? मी आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्याही आता निवृत्त आहेत, बदलापूरला असतात. मी त्यांना मापे सांगितली आणि त्यांनी दहा मिनिटांत हिशेब करून दिला. तो मी इथे माझ्या भाषेत देतो, चुकले तर दोष माझा.

समजा ठोकळा एक किलोचा आहे आणि त्याचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर सरकलेला आहे. मिनिटाला १५०० फेरे असले तर तो ठोकळा बाहेरच्या बाजूला साधारण पन्नास किलोच्या जोराने ओढतो. पन्नास किलो म्हणजे सिमेंटचे एक पोते. हे पोते तीन स्क्रूंना आणि गोंदाला लटकलेले आहे आणि सेकंदाला पंचवीस गिरक्या घेते आहे. वेग ५०० वर आणा. ओढ किती होईल? मला वाटले एकतृतीयांश. नाही. एकनवमांश. साडेपाच किलो! वेग तिप्पट की ओढ नऊपट. आता समोरच्या बाजूला तोल साधायचा तर दहा सेंटिमीटरवर दोनशे ग्रॅमचा नट-बोल्ट पुरतो. पण बाई म्हणाल्या, "सर, त्या नट-बोल्टलासुद्धा पन्नास किलोचीच ओढ आहे." आणि चकतीच्या कडेचा वेग ताशी छप्पन किलोमीटर. क्रिकेटचा चेंडू एकशे साठ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे चेंडूपेक्षा जड लोखंड, ताशी छप्पन किलोमीटरने, पोरांच्या छातीच्या उंचीवर.

त्यांनी आणखी एक सांगितले, ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. तोल साधला की थरथर थांबते, ताण थांबत नाही. दोन पैलवान दोरी दोन बाजूंनी सारख्या जोराने ओढत असले तर दोरी हलत नाही, पण म्हणून ती सैल असते का? यंत्राच्या धारव्याला (बेअरिंगला हो!) बरे वाटते. प्लायवूड, स्क्रू, गोंद, पाचर यांना काहीच बरे वाटत नाही. उलट थरथर होत असती तर माणूस घाबरून बटण तरी बंद करतो. कातारणीच्या हाताला गचका बसायचा, तो इशारा होता. तोल साधून आपण तो इशाराच काढून टाकतो आणि वर म्हणतो, बघा कसे शांत चालले आहे!

मी त्या शुक्रवारी हेच म्हणालो होतो.

आता साडूंची बाजू. ते म्हणतात की गुरुजी, तुमचे ऐकायचे तर माणसाने काही करायचेच नाही. घरगुती जिग वाईट असती तर जगात सुतारकाम झालेच नसते. आणि इथे मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. घरगुती म्हणजे धोकादायक आणि दुकानातले म्हणजे सुरक्षित, हे मला मुळीच मान्य नाही. बुवांच्या टोप्या घरगुतीच होत्या. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या होल्टझापफेल यांच्या कारखान्यात अशा तिरक्या कातकामासाठी पितळी चक बनत, स्क्रूने कणाकणाने सरकणारे, आणि ते घेणारे सरदार-उमराव छंद म्हणूनच घेत. ते साडूंचेच पूर्वज म्हणायचे. पण बुवांच्या टोप्या आणि साडूंची चकती यात फरक आहे. टोप्यांमध्ये लाकूड दोन्ही टोकांना लोखंडी अणीत अडकलेले होते. चकतीवरचा ठोकळा एका बाजूने धरलेला, दुसरे टोक मोकळे. ज्याला दुसऱ्या टोकाचा आधार देता येतो त्याला तो दिलाच पाहिजे, काम थोडे अडचणीचे झाले तरी.

आणि स्क्रू कशात मारला होता? ठोकळ्याच्या टोकाच्या बाजूने, जिथे लाकडाच्या शिरांची तोंडे असतात तिथे. तिथे स्क्रूची पकड कच्ची असते, हे कोणताही सुतार सांगेल. लाकूड आंब्याचे, साडूंच्याच आवारातले, पावसाळ्यात पडलेल्या फांदीचे. अजून ओले. ते वाळताना आकसते आणि गोंद सुटतो. गरम करून लावायचा गोंद तर पुन्हा गरम झाला की मऊ होणारच. या सगळ्या गोष्टी साडूंना माहीत होत्या. अडाणी माणसाची चूक वेगळी असते. ही जाणत्या माणसाची, सणाच्या सकाळची, पोरांपुढची चूक. पोरांना दाखवायचे होते ना!

त्या चित्रफितींविषयीही माझी तक्रार आहे. मी साडूंबरोबर बसून तीन पाहिल्या. तिन्हींमध्ये ठोकळा धरतात, बटण दाबतात, आणि पुढच्या क्षणी भुसा उडत असतो. मधे यंत्र हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ठोकळा हत्यार टेकवायच्या पट्टीला कुठे आपटत तर नाही ना हे बघितले का? सगळ्यात कमी वेगावर सुरू केले का? ते कापलेले असते, कारण ते बघायला कंटाळवाणे. आमच्या वर्गातसुद्धा पोरांना शेवटचे उत्तर हवे असायचे, रीत नको. पण निदान मी रीतीचे मार्क कापत असे.

अशा लाकडाचा आणखी एक दगा आहे. मधोमध धरलेले लाकूड फिरताना जसेच्या तसे दिसते. बाजूला सरकवलेले फिरते तेव्हा त्याची कड दिसतच नाही, नुसती धूसर सावली दिसते. माणूस बोट टेकवतो त्या सावलीत, आणि सावलीत लाकूड असते. साडू हातमोजे घालून काम करतात, बोटे वाचावीत म्हणून. ते तर ताबडतोब सोडा म्हणून मी हात जोडले. फिरत्या यंत्राजवळ मोजा म्हणजे आमंत्रण. मोजा, सैल बाही, ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस, सगळे एकाच माळेचे मणी. २०११ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात एक हुशार विद्यार्थिनी रात्री प्रयोगशाळेत एकटी काम करत होती. तिचे केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली. तो लेथ धातूचा होता आणि विद्यापीठ जगातले नावाजलेले. तिथे हे होते, तर पडवीचे काय? तिच्याजवळ त्या वेळी कोणी असते तर, असे मला ती बातमी वाचल्यापासून वाटत आले आहे. साडूही दुपारी सगळे झोपले की एकटेच पडवीत जातात.

माझे मत विचाराल तर (आणि न विचाराल तरी इथे ते वाचावेच लागते) जिग घरी करावी, पण ती तुटणार आहे हे धरून करावी. कुठला भाग आधी सुटेल आणि सुटला तर तो कोणत्या दिशेला जाईल हे आधी बघावे आणि त्या दिशेला कोणी नसावे, स्वतःही नसावे. चकती फिरते त्या रेषेत उभे राहू नये, बटणसुद्धा बाजूला उभे राहून दाबता येईल असे हवे. तोंडावर पूर्ण झाकणारे पारदर्शक कवच हवे. नुसत्या चष्म्याने डोळे वाचतील, गाल नाही. वजन लावायचेच तर ते चकतीच्या आरपार बोल्टने, मागून दुसऱ्या नटाने आवळलेले हवे, वरून चिकटवलेले नको. आणि प्लायवूडची जिग ही कायमची वस्तू नव्हे. दहादा वापरली की भोके सैल होतात. तिच्यावर तारीख लिहावी आणि तिला चुलीत घालायला मन कचरू नये. साडूंना हे सगळ्यात अवघड जाते. त्यांच्या पडवीत भिंतीवर जुन्या जिगा देवांच्या तसबिरींसारख्या टांगलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांना अजून पटलेली नाही. मी म्हणतो, प्रत्येक वाकडा आकार यंत्रावरच का काढायचा? हातोडीचा दांडा गोल कातून घ्या आणि दोन्ही कुशी रंध्याने, कानशीने उतरवा. पाव तास लागेल. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी फळांच्या टोपल्या मिळतात. त्यातला आंबा हातात घेऊन बघा, त्याची चोच एका बाजूला असते. अशा चोचीला हातच चांगला. साडू म्हणतात, त्यात मजा नाही. आता मजेला काय उत्तर देणार? मजा ही खरी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. बुवांच्या मुलालाही सहा दांडे एकदम फिरताना बघून मजाच वाटली होती. मलाही वाटली होती. पण त्याला घाई नव्हती, घाई माझी होती. पंधरा दिवस मिळाले असते तर तो बापाच्या टोप्यांवर एकेक दांडा कातत बसला असता. हे मी कोणाला कधी बोललो नव्हतो. सौ.ला सुद्धा अर्धेच माहीत होते.

दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो. तो आता साठीचा आहे. कातकाम केव्हाच सुटले, मोटर विकली, किराणा मालाचे दुकान आहे, ते आता मुलगा बघतो. चव्वेचाळीस वर्षे आम्ही एकमेकांना रस्त्यात भेटतो, तो "नमस्कार गुरुजी" म्हणतो, मी "बरा आहेस ना" म्हणतो. त्या दिवशी मी दुकानाच्या फळीवर बसून त्याला सरळ सांगितले, की बाबा रे, शनिवारचा हट्ट माझा होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाचर बाभळीची पाहिजे होती गुरुजी. मी सागाची घातली. सागाची फुटते." एवढेच. मी क्षमा मागायला गेलो होतो आणि तो मला लाकडाविषयी सांगत होता.

मग मी त्याला साडूंच्या माठाची गोष्ट सांगितली. त्याने चकती केवढी, भोके कुठे, बोल्ट किती जाडीचा, सगळे विचारून घेतले. मला निम्मे सांगता आले नाही. शेवटी म्हणाला, "मला दाखवा." त्याच्याकडे बापाच्या त्या दोन लोखंडी टोप्या अजून आहेत. दुकानात वजनाच्या मापांशेजारीच ठेवल्या होत्या, कागद उडू नये म्हणून.

येत्या रविवारी सकाळच्या खोपोली-कर्जत लोकलने आम्ही दोघे निघतो आहोत. कर्जतहून कशेळ्याची गाडी मिळेल. साडूंना फोन करायचा राहिला होता, पण ते हे वाचतीलच. साडूभाऊ, तोवर पडवीतल्या त्या लेथचे बटण दाबू नका, आणि दुपारच्या जेवणाला दोन पाने जास्त मांडायला सांगा.